दिव्याइतकीच मोलाची नोंदवही

दरवर्षी १२ मे रोजी जागतिक परिचारिका दिन साजरा होतो. नर्सिंग कॉलेजांत आणि रुग्णालयांत दिवे लावून सेवेची शपथ घेतली जाते. हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. जखमी सैनिकांच्या खाटांमधून रात्री हातात दिवा घेऊन फिरणारी बाई, हे त्यांचे चित्र पाठ्यपुस्तकांतून आपल्याकडे घरोघर पोचले आहे. पण तो युद्धकाळ जेमतेम पावणेदोन वर्षांचा. त्यानंतर त्या तब्बल ५४ वर्षे जगल्या. त्यांतली अनेक वर्षे त्या आजारीच होत्या आणि बहुतेक काम लंडनमधल्या आपल्या खोलीतून करत होत्या. त्यातले बरेचसे काम कागदावरचे होते. आजाऱ्याची नोंद कोणी ठेवायची, कोणत्या नमुन्यात ठेवायची आणि ठेवलेली नोंद पुढे कोणाच्या उपयोगी पडायची, या प्रश्नांचा पाठपुरावा त्यांनी अखेरपर्यंत केला.

आज वयोवृद्धांच्या घरी जाऊन रक्तदाब मोजणाऱ्या, जखमेची पट्टी बदलणाऱ्या आरोग्यसेविकेच्या हातात टॅब येऊ लागला आहे. इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंद हा शब्द सरकारी दवाखान्यांत रूढ होतो आहे. यंत्र नवे असले तरी त्यामागचे प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीचेच आहेत. नाइटिंगेल यांना ते कसे भेटले, त्यात त्यांना कुठे यश आले आणि कुठे अपयश, हे म्हणूनच समजून घेण्यासारखे आहे.

आकड्यांची आवड

नाइटिंगेल यांचा जन्म १८२० साली इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात झाला. शहराचेच नाव मुलीला मिळाले. घराणे इंग्लंडमधले, अतिशय श्रीमंत. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच लॅटिन, ग्रीक, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवले. फ्लॉरेन्सला गणिताची ओढ होती. मुलीने चांगल्या घरात लग्न करून संसार करावा, एवढीच आईची अपेक्षा होती. मुलीने मात्र चालून आलेले स्थळ नाकारले आणि पहाटे उठून सार्वजनिक आरोग्यावरचे सरकारी अहवाल वाचायला सुरुवात केली. त्या काळी रुग्णालयातली शुश्रूषा हे प्रतिष्ठित घरातल्या मुलीने करायचे काम समजले जात नसे. बऱ्याच विरोधानंतर १८५१ साली त्यांना जर्मनीत कैझर्सवर्थ येथे काही महिने प्रशिक्षण घेता आले. १८५३ साली लंडनमध्ये आजारी स्त्रियांसाठी असलेल्या एका छोट्या संस्थेची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

पुढच्याच वर्षी ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरले. रशियाविरुद्ध लढणाऱ्या ब्रिटिश सैनिकांचे हाल वर्तमानपत्रांतून छापून येऊ लागले. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे नाइटिंगेल यांचे स्नेही. त्यांच्या विनंतीवरून ३८ परिचारिकांना घेऊन त्या नोव्हेंबर १८५४ मध्ये स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. हे ठिकाण आज इस्तंबूल शहराचा भाग आहे.

तीन नोंदवह्या, तीन आकडे

स्कुटारीला घाण होती, उवा होत्या, इमारतीखालची गटारे तुंबलेली होती. पट्ट्या, कपडे, अन्न या सगळ्यांची टंचाई होती. हे सर्व आपण वाचलेले असते. नाइटिंगेल यांना तिथे आणखी एक गोष्ट दिसली. मेलेल्या सैनिकांची नोंद तीन वेगवेगळ्या ठिकाणी होत होती. दफनाची यादी एक, डॉक्टरांची यादी दुसरी आणि लष्करी कचेरीची तिसरी. तिन्हींचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. डॉक्टरांच्या यादीत नावच नाही, पण दफन मात्र झाले आहे, असे शेकडो सैनिक होते. कोण कशाने गेला हे खात्रीने सांगता येत नव्हते.

आजारी माणसाच्या नोंदीतला घोळ हा केवळ कारकुनी घोळ नसतो. माणसे कशाने मरताहेत हेच कळले नाही, तर काय सुधारायचे हेही कळत नाही. त्या हिवाळ्यात स्कुटारीला जखमांपेक्षा जुलाब, कॉलरा आणि ताप यांनीच कितीतरी अधिक सैनिक दगावत होते. मार्च १८५५ मध्ये इंग्लंडहून स्वच्छता आयोग आला. गटारे साफ झाली, भिंतींना चुना लागला, हवा खेळती झाली आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले.

१८५६ साली मायदेशी परतल्यावर नाइटिंगेल यांची भेट विल्यम फार यांच्याशी झाली. फार हे डॉक्टर. इंग्लंडच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात ते आकडेवारीचे काम पाहत. मृत्यूच्या कारणांचे शास्त्रशुद्ध वर्गीकरण करण्यासाठी ते वर्षानुवर्षे झटत होते. दोघांनी मिळून युद्धातले आकडे नीट मांडले. पहिल्या हिवाळ्यात मृत्यूंचे प्रमाण सगळ्यात वाईट होते ते खुद्द स्कुटारीत, हे या मांडणीतून समोर आले. ज्या रुग्णालयात आपण रात्रंदिवस राबलो, तिथेच माणसे सर्वाधिक मेली, हे सत्य पचवणे सोपे नव्हते. नाइटिंगेल यांनी ते दडवले नाही. वर्तुळाच्या पाकळ्यांसारख्या रंगीत आकृत्या काढून त्यांनी ते सरकारपुढे ठेवले. १८५८ साली लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या.

एकच नमुना, आणि एक वादळ

लष्कराचा गोंधळ पाहिल्यावर त्यांनी लंडनच्या नागरी रुग्णालयांकडे नजर वळवली. तिथेही तीच तऱ्हा. प्रत्येक रुग्णालयाची रोगांची नावे वेगळी, नोंदीची पद्धत वेगळी. एका ठिकाणचा बरा झालेला रुग्ण दुसऱ्या ठिकाणी नुसता घरी गेलेला म्हणून मोजला जाई. तुलना करायची तरी कशी?

फार यांच्या मदतीने त्यांनी सर्व रुग्णालयांसाठी एकच तक्ता तयार केला. वर्षाच्या सुरुवातीला किती रुग्ण होते, किती नवे आले, किती बरे झाले, किती जण बरे न होता गेले, किती दगावले, अखेरीस किती उरले, सरासरी किती दिवस राहिले. ही माहिती वय, लिंग आणि रोगानुसार भरायची. जुलै १८६० मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरली. तिथे हा प्रस्ताव मांडला गेला आणि परिषदेने तो उचलून धरला. लंडनच्या काही मोठ्या रुग्णालयांनी तक्ता वापरायलाही सुरुवात केली.

काही वर्षांतच हा प्रयोग बारगळला. तक्ता भरायला वेळ फार लागे आणि खर्चही येई. रोगांच्या नावांवर डॉक्टरांचे एकमत होत नव्हते. शिवाय आणखी एक अडचण होती. वॉर्डात राबणाऱ्या माणसाला हा तक्ता भरून लगेच काहीच मिळत नव्हते. आकडे वर जात, अहवाल बनत, पण खाटेवरच्या रुग्णाच्या उद्याच्या उपचारात त्याने फरक पडत नसे.

त्यातच १८६३ साली नाइटिंगेल यांच्या रुग्णालयांवरील पुस्तकाची नवी आवृत्ती आली आणि वादळ उठले. फार यांच्या आकडेमोडीवरून त्यात लंडनच्या २४ रुग्णालयांतला मृत्युदर ९०.८४ टक्के असा दिला होता. म्हणजे दहातले नऊ रुग्ण मरतात की काय? तसे अर्थातच नव्हते. वर्षभरातल्या एकूण मृत्यूंना एका ठरावीक दिवशी रुग्णालयात असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागले होते. साधे उदाहरण घेऊ. एका खाटेवर दर महिन्याला एक असे वर्षभरात बारा रुग्ण राहिले आणि त्यांतला एक दगावला. दाखल झालेल्यांच्या हिशोबाने मृत्यू आठ टक्के होतात. पण खाट एकच धरली तर तोच दर शंभर टक्के भरतो. डॉक्टरांनी यावर कडाडून टीका केली. जे रुग्णालय वृद्ध आणि गंभीर रुग्णांना दारातून परत पाठवत नाही, तेच या पद्धतीत सर्वांत वाईट दिसेल, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

नोंद खरी असली तरी तिचा अर्थ चुकीचा लागू शकतो, हे या वादातून दिसले. आज संगणकाच्या पडद्यावर एखाद्या केंद्राचा लाल-हिरवा आलेख पाहताना हेच लक्षात ठेवावे लागते. ज्या आरोग्यसेविकेच्या भागात अंथरुणाला खिळलेले वृद्ध जास्त, तिचे आकडे वाईट दिसणारच. त्यावरून तिचे काम वाईट ठरत नाही.

घरोघर जाणारी परिचारिका

नाइटिंगेल यांच्या कामाचा एक भाग आपल्याकडे फारसा माहीत नाही. शुश्रूषा रुग्णालयाबाहेर, लोकांच्या घरी पोचली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. रुग्णालय हा मधला टप्पा आहे, शेवटी बहुतेक आजाऱ्यांची काळजी घरीच घेतली गेली पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

या कामाला तोंड फुटले लिव्हरपूल शहरात. विल्यम रॅथबोन हे तिथले मोठे व्यापारी. १८५९ साली त्यांच्या पत्नीचे आजारपणात निधन झाले. शेवटच्या दिवसांत मेरी रॉबिन्सन या परिचारिकेने घरी राहून तिची शुश्रूषा केली होती. एवढा पैसा असूनही आजारपण इतके जड गेले, तर गरिबांचे काय होत असेल, या विचाराने रॅथबोन यांनी याच बाईंना गरीब वस्तीतल्या घरांत पाठवायला सुरुवात केली. काम एकटीच्या आवाक्याबाहेरचे होते आणि शिकलेल्या परिचारिका मिळत नव्हत्या. त्यांनी नाइटिंगेल यांचा सल्ला घेतला. परिचारिका मिळत नसतील तर शहरातच घडवा, असे त्यांनी कळवले. लिव्हरपूलच्या रुग्णालयाशी जोडून प्रशिक्षण शाळा उभी राहिली. शहराचे १८ भाग पाडून प्रत्येक भागाला परिचारिका देण्यात आली.

त्याच शहरातल्या निराधारांच्या आश्रयगृहात, म्हणजे वर्कहाऊसमध्ये, म्हातारी, अपंग, असाध्य रोगाने पिचलेली माणसे दाटीवाटीने पडून असत. त्यांची देखभाल त्यांच्यातलेच इतर निराधार करत. १८६५ साली अ‍ॅग्नेस जोन्स यांच्यासह नाइटिंगेल यांनी घडवलेल्या १२ परिचारिका तिथे रुजू झाल्या. तीन वर्षांत जोन्स टायफसने गेल्या, पण वाट पडली होती. वृद्ध, मनोरुग्ण, असाध्य रोगी आणि आजारी मुले यांना एकाच दालनात कोंबू नका, प्रत्येकाची गरज वेगळी आहे, असे नाइटिंगेल सरकारला सांगत राहिल्या. १८६७ साली लंडनपुरता त्यासंबंधीचा कायदा झाला. त्यांना हवे होते तेवढे त्यातून साधले नाही.

१८७४ साली गरीब आजाऱ्यांना घरी प्रशिक्षित परिचारिका पुरवणारी संघटना लंडनमध्ये स्थापन झाली. दोन वर्षांनी नाइटिंगेल यांनी टाइम्स वृत्तपत्रात त्यावर सविस्तर लिहिले. घरी जाणारी परिचारिका रुग्णालयातल्या परिचारिकेपेक्षाही अधिक तयारीची हवी, असे त्यांचे म्हणणे होते. रुग्णालयात डॉक्टरांच्या हाताखाली शिकाऊ डॉक्टर असतात, मदतनीस असतात. वस्तीतल्या घरात यांपैकी कोणी नसते. रुग्णाला दिवसभरात काय झाले हे डॉक्टरांना सांगणारी ती एकटीच. म्हणून नोंद ठेवणे हे तिच्या शुश्रूषेचेच अंग आहे, असे त्यांनी मांडले.

इथे नोंदीचा हेतूच बदललेला दिसतो. लंडनच्या रुग्णालयांतला तक्ता वर्षाच्या हिशोबासाठी होता. परिचारिकेची टिपणे दुसऱ्या दिवशी येणाऱ्या डॉक्टरांसाठी होती. नोंद लिहिणारी तीच आणि रुग्णाची पट्टी बदलणारीही तीच. लिहिलेले उद्याच वाचले जाणार, त्यावरून औषध बदलणार, हे तिला ठाऊक होते. तक्ता गुंडाळला गेला. घरोघर जाणाऱ्या परिचारिकांच्या नोंदवह्या मात्र टिकल्या. १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जमलेल्या निधीतून या परिचारिकांची देशव्यापी संस्था उभी राहिली. तिच्या पर्यवेक्षिका कामाबरोबर वह्याही तपासत.

हिंदुस्थानची प्रश्नावली

नाइटिंगेल कधीच हिंदुस्थानात आल्या नाहीत. तरीही इथल्या आरोग्याचा त्यांचा अभ्यास दांडगा होता, आणि तोही कागदावरूनच झाला. १८५९ साली हिंदुस्थानातल्या लष्कराच्या आरोग्यासाठी शाही आयोग नेमला गेला. मुंबई इलाख्यासह सगळीकडच्या छावण्यांना पाठवायची प्रश्नावली त्यांच्या देखरेखीखाली तयार झाली. पाणी कुठून येते, सांडपाणी कुठे जाते, माणशी जागा किती, आजारी किती, मेले किती. उत्तरांचे ढीग त्यांच्या घरी येऊन पडले. १८६३ साली दोन हजारांहून अधिक पानांचा अहवाल निघाला. इथल्या गोऱ्या सैनिकांत दर हजारी ६९ मृत्यू होतात, हे त्यातून जगापुढे आले. दहा वर्षांनी हा आकडा १८ वर आल्याचे त्यांनीच मांडले.

पुढे त्यांचे लक्ष सैनिकांवरून सामान्य रयतेकडे वळले. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. उतारवयात पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांनी खेड्यांतल्या स्वच्छतेच्या प्रश्नावर पत्रव्यवहार केला. सत्तरी गाठलेली, घराबाहेर न पडणारी बाई इथल्या गावच्या विहिरी आणि उकिरड्यांची माहिती मागवत होती.

स्वतःचे म्हातारपण

क्रिमियात १८५५ साली त्यांना जबर ताप आला होता. तो बहुधा ब्रुसेलोसिस असावा, असे आजचे अनेक अभ्यासक मानतात. त्याचे दुखणे पुढे अनेक वर्षे पुरले. पाठदुखी, धाप, थकवा, निराशा यांनी त्या वारंवार अंथरुणाला खिळत. साठीनंतर प्रकृती थोडी सुधारली, पण दृष्टी अधू होत गेली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती जवळपास गेलीच. स्मरणशक्तीही ढासळली. जिने हजारो पाने लिहिली, तिला लिहिता-वाचता येईना. १९०७ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा किताब मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. तो त्यांना घरी आणून दिला, तेव्हा काय चालले आहे हे त्यांना पुरते उमगलेही नसावे. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, राहत्या घरी झोपेतच त्या गेल्या. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत दफनाचा मान देऊ केला होता. त्यांच्या इच्छेप्रमाणे कुटुंबाने तो नाकारला. गावच्या चर्चमधल्या त्यांच्या समाधीवर नावाची आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा एवढेच कोरलेले आहे.

त्यांच्याजवळ नोकरचाकर होते, सोबतीला परिचारिका होती. सगळ्यांच्याच वाट्याला हे येत नाही. अनेक दुखणी, अधू दृष्टी, विसराळूपणा आणि घरातच बंदिस्त झालेले जगणे, ही अवस्था आज आपल्याकडच्या असंख्य घरांत आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढच्या व्यक्ती दहा कोटींहून अधिक होत्या. अशा माणसाला तीन डॉक्टरांची औषधे चालू असतात. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्या रोज घेतल्या जातात आणि रक्तदाब उतरून म्हातारी बाथरूममध्ये पडते. मूत्रपिंड कमजोर असल्याचा जुना रिपोर्ट कपाटात राहतो आणि गुडघेदुखीवर नको ती गोळी सुरू होते. आधी काय झाले होते, हे रुग्णाला स्वतःला सांगता येत नाही. अशा वेळी नीट नोंद असेल तर जीव वाचतो.

आजचा टॅब

वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे २०१० पासून आहे. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी आरोग्य कर्मचाऱ्याने भेट द्यावी, हे त्यात अपेक्षित आहे. आशाताई घरोघर जो तपासणी अर्ज भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. चालताना तोल जातो का, रोजच्या कामांत मदत लागते का, जवळच्यांची नावे विसरतात का. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यात प्रत्येकाला आभा हा १४ अंकी क्रमांक मिळतो आणि वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या नोंदी रुग्णाच्या संमतीने एकत्र जोडता येतात. रोगांची नावे सगळीकडे एकसारखी असावीत, हे फार यांचे स्वप्नही बरेचसे साकार झाले आहे. आज जगभर वापरली जाणारी रोगांची आंतरराष्ट्रीय वर्गवारी त्यांच्याच वर्गीकरणाच्या परंपरेतून पुढे आली.

आता कसोटी आहे ती वापराची. एकच माहिती आधी रजिस्टरमध्ये आणि मग मोबाइलमध्ये भरावी लागली, रेंज नसताना ॲप अडकून बसले आणि भरलेली माहिती फक्त वरच्या अहवालासाठी गेली, तर लंडनच्या त्या तक्त्यासारखीच याचीही गत होईल. त्याउलट, गेल्या भेटीतला रक्तदाब, चालू औषधांची यादी, जिल्हा रुग्णालयातून सुटी देताना लिहिलेला कागद हे सगळे आरोग्यसेविकेला आजीच्या उंबरठ्यावर एका बोटाच्या अंतरावर मिळाले, आणि तिने टिपलेले दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खरोखर वाचले, तर ती नोंद टिकेल. मूळ औषधाचे नाव लिहिणे, नोंद एकदाच भरणे, संमती घेणे, म्हाताऱ्या माणसाची माहिती भलत्या हाती न जाऊ देणे, ही सगळी शिस्त त्याबरोबरच यायला हवी.

यंत्रणा पूर्ण बसेपर्यंत घरच्यांना एक काम आजच करता येईल. घरातल्या ज्येष्ठांसाठी एक वही करावी. पहिल्या पानावर चालू आजार, औषधांची मूळ नावे व मात्रा, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, झालेल्या शस्त्रक्रिया आणि जवळच्या नातेवाइकाचा फोन नंबर लिहावा. औषध बदलले की जुने खोडून तारखेसह नवे लिहावे. दवाखान्यात जाताना आणि घरी नर्स किंवा आशाताई आल्यावर ही वही समोर ठेवावी. आभा क्रमांक काढला असेल तर तोही त्याच पानावर लिहून ठेवावा.